सरकारी सूट आणि घराची खिडकी

एप्रिल महिन्यांत दुपारीं चारच्या सुमारास पुण्याच्या महात्मा फुले मंडईभोंवतालच्या गल्ल्यांतून जो कोणी मान वर करून चालेल, त्याला एक चमत्कारिक दृश्य दिसेल. खालीं दुकानें उघडीं, हातगाड्या उभ्या, भाजीवाल्या ओल्या गोणपाटाखालीं मेथी-कोथिंबीर झांकून बसलेल्या. आणि वर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडील झाडून साऱ्या खिडक्या बंद! ज्यांच्या घरीं एसी आहे त्यांनीं आंतला गारवा बाहेर जाऊं नये म्हणून त्या लावून घेतलेल्या असतात, आणि ज्यांच्या घरीं तो नाहीं त्यांनीं बाहेरचा ताप आंत येऊं नये म्हणून. पहिल्यांचा हेतु विजेचें बिल भरून सिद्धीस जातो. दुसऱ्यांचा मात्र जात नाहीं. कारण कांच लावल्यानें वारा थांबतो, ऊन थांबत नाहीं. आंत म्हातारीं माणसें ओला पंचा डोक्यावर घेऊन पंख्याखालीं बसतात आणि पंखा तीच तापलेली हवा पुनःपुन्हा त्यांच्या अंगावर टाकीत राहतो.

याच गल्ल्यांतील पुष्कळ कुटुंबांतील मुलें आतां न्यू जर्सी, टोरांटो अशा दूरच्या ठिकाणीं स्थायिक झालीं आहेत. रविवारीं फोनवर बोलतांना त्यांतील एखादा वडिलांना विचारतो, ‘बाबा, इकडे घराच्या खिडक्या बदलल्या तर सरकार पैसे परत देतें. तुमच्याकडे असें कांहीं नाहीं का?’ प्रश्न साधा आहे आणि त्याचें उत्तरहि साधें आहे. जुनी खिडकी काढून उष्णता अडविणारी नवी खिडकी बसविणाऱ्या पुणेकर गृहस्थाला, खिडकीसाठीं म्हणून मिळणारी सरकारी सूट नाहीं. पण एवढ्यावर विषय संपत नाहीं. तिकडे ती सूट कशासाठीं देण्यांत आली आणि ती जशीच्या तशी उचलून मंडईंत आणली तर त्या पंख्याखालीं बसलेल्या माणसांचा उकाडा कमी होईल काय, हें पाहिल्यावांचून ‘आमचें सरकार कांहींच करीत नाहीं’ असें म्हणून मोकळें होणें बरें नव्हे.

अमेरिकेंत २०२२ सालच्या कायद्यान्वयें २०२३ पासून अशी तरतूद होती कीं, विहित प्रतीच्या नव्या खिडक्या बसविल्यास त्यांच्या किंमतीच्या ३० टक्के, परंतु वर्षाला ६०० डॉलरहून अधिक नाहीं, इतकी रक्कम आयकरांतून वजा मिळावी. २०२५ साली झालेल्या नव्या कायद्यानें ती त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतर बसविलेल्या खिडक्यांसाठीं बंद झाली. कानडा देशानें मे २०२१ मध्यें घरदुरुस्तीसाठीं ५,००० डॉलरपर्यंत अनुदान सुरू केलें. त्यांत खिडकीच्या एकेका पोकळीमागें १२५ किंवा २५० डॉलर मिळत आणि कामापूर्वीं व कामानंतर तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घ्यावी लागे. २०२४ च्या आरंभीं नवे अर्ज घेणें तेथेंहि थांबविण्यांत आलें. तेव्हां तिकडील सूट ही कांहीं अक्षय्य थाळी नव्हे. आपल्या मुलानें दोन-तीन वर्षांपूर्वीं सांगितलेली गोष्ट आज तशीच असेल असें धरून चालूं नये.

त्या देशांनीं खिडकीसाठीं पैसा खर्च करावा हें मात्र सयुक्तिक होतें. तेथें हिवाळ्यांत बाहेर शून्याखालीं दहा अंश आणि घरांत वीस अंश असा तीस अंशांचा फरक महिनोन् महिने टिकून राहतो. एका कांचेच्या खिडकींतून घरांतली ऊब रात्रंदिवस बाहेर झिरपत असते. दोन कांचा लावून त्यांच्यामध्यें हवा किंवा आर्गॉन वायु कोंडला म्हणजे ही गळती निम्म्यावर येते, आणि कांचेवर धातूचा अतिसूक्ष्म लेप दिला तर आणखीहि कमी होते. थंडीच्या देशांत खिडकीचें मुख्य काम ऊब राखण्याचें. दोन कांचांची खिडकी तें चोख बजावते.

पुण्यांतील खिडकीचें काम निराळेंच आहे, आणि तें थोडा हिशेब केल्यावांचून लक्षांत येत नाहीं. चार फूट उंच व तीन फूट रुंद अशी पश्चिमेकडची एक खिडकी घ्यावी. बाहेर ३८ अंश आणि आंत २८ अंश असें धरलें तर केवळ या फरकामुळें एका कांचेतून आंत येणारी उष्णता साठ-पासष्ट वॅटांच्या आसपास भरते. परंतु त्याच वेळीं कलतें ऊन जर त्या कांचेवर सरळ पडत असेल, तर उन्हाच्या किरणांवाटे आंत शिरणारी उष्णता पांचशे वॅटांवर जाते. म्हणजे खिडकीच्या जागीं एक लहानशी विजेची शेगडी ठेवून तीं माणसें बसलीं आहेत, असेंच म्हणावयाचें. आतां एका कांचेच्या जागीं दोन स्वच्छ कांचा बसविल्या तर साठांतले तीस वॅट वांचतील आणि किरणांतलाहि थोडासा अंश कमी होईल. शेगडी बहुतेक तशीच पेटलेली राहील. उलट, त्याच खिडकीला बाहेरच्या अंगानें सांवली केली, मग ती छज्ज्याची असो, लाकडी झडपेची असो किंवा बांबूच्या चिकाची असो, तर शेगडीचा मोठा भाग कांचेपाशीं पोहोंचण्यापूर्वींच विझतो. पडदा आंतून लावला तर इतका गुण येत नाहीं. कांचेच्या आंत आलेलें ऊन पडद्याला तापवितें आणि पडदा खोलीला. ऊन परतविणारी लेप दिलेली कांच बाजारांत मिळते व तिचा उपयोगहि होतो. पण ती महाग असते, खोली अंधारी करते आणि खिडकी उघडली कीं तिचा गुण संपतो.

आणि पुण्यांत खिडकी उघडावयास तर पाहिजेच. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० फूट उंच व सह्याद्रीच्या पूर्वेस असल्यामुळें एप्रिलच्या दुपारीं पारा ३८ अंशांवर चढला तरी पहांटे तो बहुधा वीस-बावीस अंशांवर उतरतो. मुंबईला हें भाग्य नाहीं. दिवसा खिडकी सांवलींत बंद ठेवावी आणि रात्रीं ती सताड उघडून भिंतींत सांठलेला ताप बाहेर घालवावा, हा पुण्याचा खरा एसी होय. दिशेचाहि विचार आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हींचा सूर्य पुण्याच्या माथ्याच्या किंचित् उत्तरेला असतो. त्यामुळें दक्षिणेच्या खिडकीला हातभर छज्जा असला तरी उन्हाळ्यांत पुरतो. त्रास देते ती पूर्वेची, आणि तिच्याहूनहि पश्चिमेची.

हें सारें जुन्या वाड्यांतील सुतार-गवंड्यांना वॅट आणि अंश न मोजतां कळलें होतें. मंडईपासून थोड्या अंतरावर असलेला, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनीं १८०८ मध्यें पुरा करविलेला विश्रामबागवाडा आजहि उभा आहे. त्याच्या दर्शनी भागाचें लाकडी काम पाहावयास लोक दुरून येतात. त्या कोरीव कामाकडे पाहतांना मागच्या जाड भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. सामान्य गृहस्थाच्या वाड्यांत कोरीव काम नव्हतें, पण विटा-मातीची दोन-दोन फूट जाड भिंत होती. तीत खोल बसविलेली सागवानी चौकट, लोखंडी गज आणि बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या लाकडी झडपा होत्या. मधला चौक वाऱ्याला वाट देई. खोल कोनाड्यांतली खिडकी स्वतःच्याच भिंतीची सांवली घेई. अर्थात् या खिडक्यांचे दोषहि होते, ते झांकण्यांत अर्थ नाहीं. माजघरांत दिवसा दिवा लावावा लागे, पावसाळ्यांत झडपा फुगून लागेनाशा होत, आणि धुरानें काळवंडलेल्या त्या खोल्यांत बायकांचीं आयुष्यें गेलीं. उजेड पाहिजे असें पुढच्या पिढीला वाटलें यांत तिची कांहीं चूक नव्हती.

चूक झाली ती पुढें. वाडे पडले, त्यांच्या जागीं इमारती उठल्या, दोन फुटांची भिंत सहा इंचांची झाली आणि सागवानी झडपेच्या जागीं ॲल्युमिनिअमची स्लायडिंगची खिडकी आली. ती स्वस्त असते, फुगत नाहीं, तिला रंग लागत नाहीं आणि अरुंद गल्लींत तिचें पान बाहेर उघडून शेजाऱ्याच्या तारांत अडकत नाहीं. हे गुण खरे. परंतु दोन पानांच्या स्लायडिंगला एक पान नेहमीं दुसऱ्याच्या मागें उभें असतें. म्हणजे बारा चौरस फुटांची खिडकी कधींहि सहा फुटांहून अधिक उघडत नाहीं. बिजागऱ्यांची खिडकी जवळजवळ सबंध उघडते. घर घेतांना गृहस्थ खिडकीच्या पोकळीचे पैसे देतो आणि वारा निम्म्याच पोकळीचा घेतो, ही गोष्ट घर विकणारा सांगत नाहीं, आणि घेणाराहि विचारीत नाहीं.

सरकारला ही गोष्ट ठाऊक नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें १४ डिसेंबर २०१८ रोजीं ‘इको-निवास संहिता’ या नांवाची निवासी इमारतींची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यांत खिडकीची उघडणारी जागा खोल्यांच्या जमिनीच्या किती हिस्सा असावी हें हवामानाप्रमाणें ठरवून दिलें आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशांत एक-दशांश, उष्ण-दमट प्रदेशांत एक-षष्ठांश. दोन पानांच्या स्लायडिंगची पोकळी ती निम्मीच मोजते आणि बिजागऱ्यांच्या खिडकीची नव्वद टक्के. भिंती-खिडक्यांवाटे घरांत येणाऱ्या उष्णतेलाहि तिनें मर्यादा घातली आहे, आणि त्या गणितांत बाहेरच्या सांवलीला जमेस धरलें आहे. इतकी समंजस नियमावली विरळा. पण तिचा रोख ५०० चौरस मीटर व त्यांहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांकडे आहे. शुक्रवार पेठेंतील चिंचोळ्या जागेवरची चार मजली इमारत, किंवा तिच्या शेजारचा कुबड आलेला वाडा, तिच्या दृष्टीच्या टप्प्यांतच येत नाहीं.

मग सूट कशावर मिळते? पुणे महानगरपालिका सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारा बंब, पावसाचें पाणी सांठविण्याची व्यवस्था आणि गांडूळखत यांसाठीं मिळकतकरांत ५ ते १० टक्के सवलत देते. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेंत छपरावर वीज निर्माण करणारे सौर पत्रे बसविल्यास पहिल्या दोन किलोवॅटांसाठीं प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठीं १८,००० आणि एकंदर जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. राज्याच्या बांधकाम-नियमांत हरित इमारत बांधणाऱ्या विकसकाला त्याच्या इमारतीच्या दर्जाप्रमाणें ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई-क्षेत्र मिळतें. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ॲल्युमिनिअमच्या खिडकीवरहि १८ टक्केच आहे. घर तापूं न देणारी वस्तु आणि तापलेलें घर थंड करणारी वस्तु या दोहोंना सरकारनें आज एकाच पंक्तीला बसविलें आहे.

या यादीकडे पाहिलें तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. जेथें नवें यंत्र येतें तेथें सूट येते. जेथें यंत्राची गरजच कमी होते तेथें ती येत नाहीं. यंत्राचें बिल असतें, त्यावर क्रमांक असतो, तें छपरावर मोजतां येतें. सांवलीचें बिल कोण करणार? दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. कराची सूट कर भरणाराला मिळते, सौर पत्र्याचें अनुदान छपराच्या मालकाला मिळतें, चटई-क्षेत्र विकसकाला मिळतें. वाड्याच्या माडीवर एका खोलींत जुन्या भाड्यानें राहणाऱ्या कुटुंबाला छप्पर नाहीं, कराची पावती नाहीं आणि चटई-क्षेत्र तर नाहींच. खिडकी घरमालकाची, ऊन मात्र भाडेकरूचें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांत घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि नोटीस देऊनहि त्यानें ती टाळली तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्चाचा कांहीं भाग भाड्यांतून कापून घेतां येतो. परंतु जेथें भाडेंच महिन्याला दोन-चारशें रुपये आहे तेथें त्यांतून कापणार किती? आणि मोडकी झडप दुरुस्त करणें निराळें, तिच्यावर नवी सांवली घालणें निराळें. त्याला कायदा दुरुस्ती म्हणेल कीं नाहीं, यावर दोन वकील सहज भांडतील.

सार्वजनिक पैसा कोणाच्या उपयोगीं पडावा हा वाद या ठिकाणाला नवा नाहीं. मंडईची ही दगडी, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली इमारत १८८६ मध्यें खुली झाली तेव्हां तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते, आणि एवढा पैसा इमारतींत घालण्यापेक्षां तो लोकांच्या शिक्षणावर खर्चावा असें म्हणून त्यांनीं या खर्चास विरोध केला होता. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्याच इमारतीला महात्मा फुले यांचें नांव मिळालें, ही गंमत पुण्यांतच घडूं शकते. इमारत उपयोगी ठरली हें खरें. पण फुल्यांचा प्रश्न त्यामुळें निकालांत निघाला असें होत नाहीं. खिडकीसाठीं उद्यां सूट निघालीच आणि ती दोन कांचांच्या महागड्या खिडकीसाठीं निघाली, तर तिचा लाभ आज ज्यांच्या घरीं एसी आहे त्यांनाच होईल. थंड केलेल्या बंद खोलींत दोन कांचा कांहीं प्रमाणांत वीज वांचवितात, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण ज्या खोलींत एसीच नाहीं, तेथें त्या वांचवणार काय?

सूट द्यावयाची तर सांवलीला द्यावी आणि पुऱ्या उघडणाऱ्या खिडकीला द्यावी. महापालिकेच्या सवलतीच्या यादींत बंब व गांडूळखत यांच्या शेजारीं ‘पूर्व-पश्चिम खिडक्यांवरील बाहेरची सांवली’ अशी एक ओळ घालावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. तपासणीचीहि पंचाईत नाहीं. बंब चालतो कीं नाहीं हें पाहण्यास कारकुनाला गच्चीवर चढावें लागतें. खिडकीवर सांवली आहे कीं नाहीं हें त्याला रस्त्यावरून दिसेल. स्वतःच्या घरांत राहणाऱ्याला करपात्र रकमेंत ४० टक्के सवलत पुणेकरांना १९७० पासून मिळत होती. मध्यंतरीं ती बंद झाली आणि २०२३ मध्यें पुन्हां सुरू झाली. तेव्हां अर्ज भरून सवलत घेण्याची विद्या पुणेकरांना शिकवावी लागणार नाहीं. भाडेकरूसाठीं मात्र करांतून वाट निघणार नाहीं. त्याच्यासाठीं दुसरा मार्ग आहे. २०१५ साली ‘उजाला’ योजनेंत सरकारनें एलईडी दिव्यांवर सबसिडी दिली नव्हती. लाखोंनीं एकदम खरेदी करून भाव पाडला, आणि दिवा मालक-भाडेकरू असा भेद न करतां घरोघर गेला. सांवलीचे चिक तसे घाऊक घेऊन वीजबिलाच्या पावतीवर वांटले, तर माडीवरच्या खोलींतहि ते पोहोंचतील. वीजबिल भाडेकरूच्या नांवावर नसलें तरी भरतो तोच.

हें होईल तेव्हां होईल. ज्यांना येता उन्हाळा काढावयाचा आहे त्यांना सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मंडईजवळच्या बुरूड आळींत बांबूचें काम करणारीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या आहेत. खिडकीचें माप देऊन चिक करून घ्यावा आणि तो कांचेच्या बाहेर, वीतभर अंतर सोडून टांगावा, म्हणजे मधून हवा खेळते. आंतून टांगलेल्या चिकाला अर्धाहि गुण येत नाहीं, हें दुकानदार न सांगतां सोडील म्हणून येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. गल्ली अरुंद असल्यानें पक्का छज्जा काढण्यास परवानगीची अडचण येईल. गुंडाळतां येणाऱ्या चिकाला ती यावयाची नाहीं. सकाळीं दहाला पश्चिमेचा चिक सोडावा, सूर्य मावळला म्हणजे वर ओढावा आणि रात्रीं समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्या. डासांना जाळी लावणें भाग आहे. जाळीनें वारा थोडा कमी होतो, पण डेंग्यूपेक्षां तें बरें.

मंडईच्या रहिवाशांची खरी अडचण डास नाहीं, आवाज ही आहे. पहांटे चारपासून टेम्पो येऊं लागतात आणि भाद्रपदांत ढोलताशांनीं कांचा थरथरतात. अशा ठिकाणीं रात्रीं खिडकी उघडी ठेवा हें सांगणें सोपें, ऐकणें कठीण. सप्टेंबर २०२४ मध्यें मंडईखालून मेट्रो सुरू झाली खरी, पण भाजी अजून रस्त्यानेंच येते. ज्यांची खोली रस्त्यावर आहे त्यांनीं निदान चौकाकडची खिडकी उघडी ठेवावी, आणि स्लायडिंग बदलण्याची वेळ आलीच तर त्या एकाच खिडकीला बिजागऱ्या लावून घ्याव्या. सगळीं पानें बदलण्याचा खर्च करूं नये. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा मात्र खिडकी हा अर्धाच प्रश्न होय. त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब खिडकीहून अधिक तापतो. त्यांनीं मालकाची संमति घेऊन होळीपूर्वीं गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे. चिकाची मागणीहि त्याच सुमारास नोंदवावी, कारण चैत्र लागला कीं बुरडांकडे गर्दी होते आणि भाव वाढतात.